चुलीच्या तोंडाकडची काटी

मॅडमची बदली झालेली नव्हती.

हे वाक्य मी आजवर कोणापुढं उच्चारलेलं नाही. बायकोपुढं नाही, माय जाईपर्यंत मायपुढं नाही, आणि जिच्यापुढं उच्चारायला पाहिजे होतं त्या माझ्या धाकट्या बहिणीपुढं तर नाहीच. तिला मी सांगितलं होतं की मॅडमची बदली झाली, आता त्या हिंगोलीला येत नाहीत. सरकारी माणसाची बदली म्हटल्यावर आपल्याकडं कोणी पुढं विचारत नाही. तलाठ्याची होते, मास्तरची होते, नर्सबाईची होते. बहिणीनंही फारसं विचारलं नाही. हातातली वही मिटली आणि "बरं" म्हणाली.

या खोट्याच्या खाली आणखी एक खोटं आहे. ते मी तोंडानं बोललो नाही, गप्प बसून केलं. आधी ते सांगतो, त्याच्याशिवाय दुसरं कळायचं नाही.

आमचं गाव कुरुंद्यापासून पायी तासाभराच्या अंतरावर. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी शेतात फिरायला लागलं तशी ज्वारी मागं सरली आणि हळद पुढं आली. मी सांगतोय ती नव्वदच्या पुढची वर्षं. हळद शिजवायचे वाफेचे बॉयलर तेव्हा आमच्याकडं कोणी पाहिलेले नव्हते. जमिनीत लांबट खड्डा खोदून चूल करायची, तिच्यावर भलीमोठी लोखंडी कढई ठेवायची, कडेनं चिखल लिंपायचा. कढईचा काठ मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागे. आत हळद आणि पाणी, वरून हळदीचाच पाला, पाल्यावर ओलं बारदान. लांबून बघितलं तर नुसता पाल्याचा ढीग. लेकरू असो की वासरू, त्याला काय कळणार की खाली पाणी उकळतंय? म्हणून कढईभोवती काट्याचं कुंपण घालायची रीत होती. तीन बाजूंनी बाभळीच्या फांद्या रोवलेल्या, आणि चौथ्या बाजूला, चुलीच्या तोंडाकडं, बोरीची एक मोठी सुटी काटी, दारासारखी. जाळ घालणाऱ्यानं ती ओढायची, जाळ सारायचा, काटी परत लावायची. दुसरी रीत अशी की जाळ घालणाऱ्यानं चूल सोडायची नाही. कढया गावात दोनच होत्या, त्या सावडीनं फिरायच्या. आज आमची हळद, उद्या शेजाऱ्याची. सगळ्यांनी सगळ्यांकडं राबायचं.

त्या दिवशी आमची पाळी होती आणि जाळ माझ्याकडं होता. मी चोवीस वर्षांचा होतो. बहीण तीन वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरी आलेली. दुपारी ती चहाची किटली घेऊन शेतात आली. लेकीला लिंबाखाली बसवलं, हातात गुळाचा खडा दिला आणि सगळ्यांना चहा वाटला. मला चहा देताना ती कुंपणाच्या बाहेरच उभी राहिली. काट्यांवरून हात लांब करून कप माझ्या हातात दिला. "भाजलं बिजलं तर माझ्या नावानं बोंबलू नको," म्हणाली. हे मला लख्ख आठवतं. ते तिलाही आठवलं असतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं. ती आठवण तिच्या डोक्यातून पुसली गेली, आणि माझ्या डोक्यात राहिली, हाच तर घोटाळा.

चहा पोटात गेला की मला विडीची तलफ यायची. समोर थोरले काका बसलेले होते. आमच्या घरात मोठ्या माणसासमोर विडी ओढणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं. विहिरीमागं जायला पाहिजे होतं, पण चूल सोडली की जाळ बसणार आणि काका ओरडणार. म्हणून मी एक शक्कल काढली. बोरीची काटी पूर्ण बाजूला ओढली, पऱ्हाटीचे, कापसाच्या वाळल्या झाडांचे, पाच-सहा भारे एकदमच आत आणले आणि चुलीच्या तोंडात गच्च कोंबले. एक विडी होईपर्यंत जाळाला बघायला नको. काटी परत लावायची राहिली. राहिली म्हणजे विसरलो असं नाही. आत्ता तर परत यायचंय, कशाला उगीच, असं म्हणून मी ती तशीच टाकली. वडीलधाऱ्याचा मान राखायला गेलो होतो मी.

बहीण पंपाच्या पाटावर चहाचे कप धूत होती. काका आणि बाकीची माणसं चुलीकडं पाठ करून कच्ची हळद निवडायला बसली होती. एका विडीला लागतो तेवढाच वेळ गेला.

त्यानंतरचं मी लिहिणार नाही. भाची तीन दिवस नांदेडच्या दवाखान्यात होती. चौथ्या दिवशी आम्ही तिला घेऊन परत आलो.

सगळं उरकल्यावर ओट्यावर माणसं बसली होती. काकांनी विचारलं, "काटी कोण सारली व्हती?"

मी बोलणार होतो. हे आता कोणाला खरं वाटणार नाही, पण तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली बहीण म्हणाली, "मीच सारली असल. किटली घेऊन तिकडूनच आले व्हते."

ती तिकडून, चुलीच्या तोंडाच्या बाजूनं, आलेली नव्हती. ती रस्त्याच्या बाजूनं, बाभळीच्या अंगानं आली होती, आणि ते तिच्या डोक्यातून गेल्यावर आता फक्त मला माहीत होतं. मी तोंड मिटलं. तिनं सांगितलं आणि मी ऐकून घेतलं, एवढंच माझं काम.

त्या एका वाक्यानं तिचा संसार गेला. दाजी दिवस घालायला आले ते कोणाशी न बोलता परत गेले. सासूनं निरोप पाठवला, जिला सोताचं लेकरू सांभाळता आलं न्हाई तिला आमी काय म्हणून नांदवायची? वर्ष फिरायच्या आत त्यांनी दुसरं केलं. बहीण माहेरी राहिली ती राहिलीच.

ती वेडी झाली नाही. लोक म्हणायचे तसं काही नव्हतं. शेतात खुरपायला जायची, भाकरी थापायची, बायकोच्या बाळंतपणात सगळं घर तिनं ओढलं. पण तिच्या ताटात वरण पांढरं असायचं. हळद घातलेलं काही ती खात नव्हती. चहा थंड करून, साय धरू देऊन प्यायची. भात शिजत असताना झाकण उचलायला तिचा हात पुढं व्हायचा नाही. वाफ दिसली की तोंड पलीकडं. कोणाच्याही दारात गेली की आधी तिथली लेकरं मोजायची, बोटावर, ओठ हलवत. एखादं कमी भरलं की ते सापडेपर्यंत तिला बसवत नसे. माघापासून चैतापर्यंत, गावभर हळद शिजत असताना, मागच्या खोलीत जाऊन दाराच्या फटीत फडकी कोंबून बसायची. हळदीच्या गावात हळदीचा वास चुकवून जगायचं म्हणजे पाण्यात राहून कोरडं राहण्यासारखं.

मी तिला सगळीकडं नेलं. भगताकडं नेलं, दर्ग्यात नेलं, कोणी सांगितलं म्हणून वाशीमकडच्या एका बाबाकडं पाच गुरुवार नेलं. लोक म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मला ते ऐकून बरं वाटायचं आणि बरं वाटल्याची चीडही यायची. त्या जागांचं मला एक आवडायचं. तिथं कोणी काही विचारत नव्हतं. अंगारा द्यायचे, दोरा बांधायचे, बाहेरचं आहे म्हणायचे. बाहेरचं आहे म्हटलं की घरातल्या माणसाकडं कोणी बघत नाही.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. गावात येणाऱ्या नर्सबाईनं मायला सांगितलं की हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात दर बुधवारी नांदेडहून एक मॅडम येतात. अशा माणसांशी बोलतात, आणि बोलून बरं करतात. मी तिथल्या तिथं मोडता घातला. बोलून कुठं आजार जातो का? ताप बोलून उतरतो का? दहा वर्षं झाली, आता कुठं ती जरा स्थिर झालीय, आणि ह्या बाया येऊन पुन्हा तेच उकरणार. माय माझ्याकडं बघत म्हणाली, "दर्ग्यात न्यायच्या वक्ती तर सगळ्यांच्या पुढं असतू. आन इथंच काहून आडवा येऊन राहिला तू?"

मायला काही माहीत होतं का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवसापासून मात्र मी तिच्या प्रत्येक वाक्याला उलटंसुलटं करून बघू लागलो. नाही म्हणत राहिलो असतो तर तिचा संशय वाढला असता. म्हणून नेलं.

हिंगोलीच्या स्टँडवरून दवाखान्याकडं जाताना सरळ रस्ता मोंढ्याजवळून, शेतमालाच्या बाजाराजवळून, जातो, आणि हळदीच्या दिवसांत मोंढ्याचा वास स्टँडपर्यंत येतो. बहिणीनं नाकावर पदर दाबला आणि जागेवरच थांबली. मी रिक्षावाल्याला फिरून न्यायला सांगितलं. तो म्हणाला, उधर से क्यूं, भाई, सीधा तो रास्ता है. मी म्हटलं, आमाला सरळ न्हाई जायचं. नंतर हे माझं मलाच खूप दिवस आठवत राहिलं.

व्हरांड्याच्या टोकाला ती खोली होती. बाहेर एक बाकडं, खिडकीशी पाण्याचा माठ. मॅडम तिशीच्या, सुती साडीतल्या. गळ्यात ती नळी नाही, टेबलावर सुई नाही, गोळ्यांचं पाकीटसुद्धा नाही. ही कसली डॉक्टरीण, असं माझ्या मनात आलं. दोन खुर्च्या आणि एक पेन, एवढ्यावर ही माणसाच्या डोक्यात हात घालणार. पहिल्याच बुधवारी त्या मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा, दादा." आणि दार लावून घेतलं.

त्या बाकड्यावर मी किती बुधवार काढले ते मोजले नाहीत, पण त्या लाकडाची प्रत्येक फट मला पाठ झाली. तहान नसताना उठून माठाजवळ जायचो. खिडकीतून पुरतं काही ऐकू यायचं नाही. बहिणीचा आवाज कुजबुजीसारखा. मॅडमचं तेवढं कळायचं. "मग? पुढं?" "आता तुम्ही कुठं उभ्या आहात?" "हातात काय आहे?" मी अर्धा प्याला पाणी हातात धरून तसाच उभा. शिपाई एकदा म्हणाला, "काय मामा, पोटात आग हाय काय? सगळा माठ तुमीच संपवून राहिले."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, काय इचारलं मॅडमनं. ती म्हणाली, काही न्हाई. मी म्हटलं, तासभर काही न्हाई? त्यावर ती म्हणाली, "त्या सांगू नको म्हणल्या असं न्हाई, दादा. पर मलाच न्हाई सांगायचं." तिनं माझ्यापासून काही राखून ठेवल्याचं मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मी तिच्यापासून काय राखून ठेवलंय, ते तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला मॅडमनी मला आत बोलावलं. बहिणीला बाहेर बसवलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं, ते मी पूर्ण ऐकलं आणि एक अक्षर पटवून घेतलं नाही. त्या म्हणत होत्या, एवढा मोठा धक्का बसला की त्या वेळची आठवण मनात नीट लावून ठेवली जात नाही. तिचे तुकडे होतात, आणि वास, वाफ, आवाज, काहीही निमित्त झालं की एखादा तुकडा आत्ताच घडतोय असा अंगावर येतो. म्हणून इथं, जिथं काही धोका नाही तिथं, तो दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलायचा. पुन्हा पुन्हा. एकेक तुकडा जागेवर लागला की माणसाला तो दिवस मागं ठेवता येतो. आणि घरी, ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ एकेक पायरीनं जायचं.

मी विचारलं, पुन्हा पुन्हा बोलून ती खचली तर?

त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा त्रास होतो. आम्ही हळूच जातो. पण त्या दिवशी नेमकं काय झालं हे त्यांनाच माहीत नाही. त्यांनी फक्त दोष तेवढा उचललाय, बाकीचं सगळं खाली टाकलंय." मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्ही होतात ना तिथं?"

"व्हतो. जाळ घालत होतो."

"मग पुढं तुमची मदत लागेल. तुम्हाला झोप लागते का, दादा?"

मला हा डाव वाटला. मी म्हटलं, "मला काय झालंय? मी दोन टाइम चार-चार भाकरी खातो." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. माझ्या भाकरीबद्दल एवढं काय लिहायचं होतं? पूर्ण आठवडा मला तो कागद डोळ्यांपुढं दिसत होता.

आमच्याकडं हळद शिजली की नाही ते काडी घालून बघतात. काडी आरपार गेली की झाली. मला वाटायचं, ही बाई दर बुधवारी माझ्या बहिणीत काडी घालून बघतीय, आणि एक दिवस ती आरपार जाऊन पलीकडं मला टोचणार.

बहीण सुधारत होती. हे मला नाकारता येत नाही. घरात सगळ्यांना दिसत होतं आणि सगळ्यांत आधी मला दिसलं, कारण माझी नजर तिच्यावरून हटत नव्हती. मॅडमनी तिला शंभर पानी वही आणायला लावली होती, तिच्यात पायऱ्या लिहून दिल्या होत्या. वाळलेलं हळकुंड मुठीत धरून बसायचं. चहा गरम प्यायचा. भाताचं झाकण सोता उचलायचं. मोंढ्यावरून पदर न लावता चालत जायचं. एका सकाळी ती ओसरीत हळकुंड मुठीत घेऊन डोळे मिटून बसली होती, घामानं चिंब, पण बसली होती. महिनाभरानं एका बुधवारी रिक्षावाल्याला मी फिरून घे म्हणायला लागलो तर ती म्हणाली, "सरळ जाऊ दे." मोंढ्यापाशी तिनं माझं मनगट धरलं. नखं रुतली. पदर मात्र नाकाला लावला नाही.

माय देवापुढं बसून रडली. मी बाहेर येऊन जनावरांना पाणी दाखवू लागलो. ती बरी व्हावी असं मला मनापासून वाटत होतं. तिला आठवू नये असंही मला तितकंच मनापासून वाटत होतं. दोन्ही एकत्र होणार नाही हे मला कळून चुकलं होतं.

ती वही ती गोधड्यांच्या थप्पीत ठेवायची. एक दिवस ती नदीला धुणं घेऊन गेली तेव्हा मी ती काढली. मी बारावीपर्यंत शिकलेलो, ती सातवीपर्यंत. अक्षर मोठं, ओळी खाली उतरत गेलेल्या. मधल्या पानांवर चित्रं होती. मॅडमनी तिला ती जागा काढायला सांगितली असणार. पहिल्या चित्रात नुसता एक गोल, कढईचा, आणि तो पेननं इतका गिरवलेला की कागद फाटलेला. दुसऱ्यात लिंबाचं झाड आलं, पंपाचा पाट आला, कढईभोवती काट्यांच्या रेघा आल्या. रेघा पूर्ण गोल, कुठंही फट नाही. खाली मॅडमच्या अक्षरात लिहिलेलं, "मग ती आत कुठून गेली?" आणि तिच्या अक्षरात, "म्हाईत न्हाई."

तिसऱ्या चित्रात कुंपणाच्या बाहेर एक बाई होती आणि आत एक माणूस. दोघांचे हात काट्यांच्या वर एकमेकांकडं आलेले, मध्ये कप. खाली तिनं लिहिलं होतं:

"दादाला चहा काट्यावरून दिला. म्हंजी काटी तव्हा जाग्यावर व्हती. मी तिकडून आले नव्हते."

एवढंच. पुढचं पान कोरं.

मी वही होती तशी गोधड्यांत ठेवली, दुमडीला दुमड लावून. तिला फक्त एक पाऊल पुढं टाकायचं राहिलं होतं. काटी तिनं सारली नाही, मग आतल्या बाजूला कोण होतं? येत्या बुधवारी मॅडम हाच प्रश्न विचारणार हे मला उन्हासारखं स्पष्ट दिसत होतं. पायऱ्यांचं पानही मी बघितलं होतं. शेवटची पायरी मॅडमच्या अक्षरात होती: "त्या जागेवर जाऊन उभं राहणं, दादासोबत." दादासोबत या शब्दाखाली रेघ होती. ती रेघ कोणी ओढली, कशासाठी ओढली, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

बुधवारच्या आदल्या दिवशी मी खताच्या कामाला वसमतला जाऊन आलो आणि संध्याकाळी सांगितलं की हिंगोलीचा एक माणूस भेटला होता, मॅडमची बदली झाली.

"न सांगता कशा गेल्या?" ती म्हणाली.

"सरकारी काम. ऑर्डर आली की जावं लागतं."

"दुसरं कोणी आलं का त्यांच्या जागी?"

"खोलीला कुलूप हाय म्हणला तो."

तेव्हा तिनं वही मिटली आणि "बरं" म्हणाली. माय चुलीपाशी बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि लाकूड आत सारलं.

दोनेक महिन्यांनी मी मोंढ्यावर हळद घेऊन गेलो होतो. स्टँडसमोर मॅडम दिसल्या, हातात पिशवी, नांदेडच्या गाडीची वाट बघत. मी वळून जाणार होतो, पण त्यांनी ओळखलं. ताई का येत नाहीत, म्हणून विचारलं. मी म्हटलं, बऱ्या झाल्या आता, शेतात जातेत, तुमचे उपकार हायत. त्या खरंच आनंदल्या. एका माणसाच्या तोंडावर मी खोटं बोलून आणलेला तो आनंद मी समोर उभा राहून बघितला. शेवटची पायरी झाली का, असं त्यांनी विचारलं. झाली म्हटलं. गाडी लागली. पायरीवर पाय ठेवताना त्या मागं वळून म्हणाल्या, "तुम्ही या कधीतरी, दादा. एकटे. बुधवारी मी असतेच."

हे त्या सगळ्यांनाच म्हणत असतील. नसतीलही. मी गेलो नाही. पुढं काही वर्षांनी ती खोलीच बंद झाली असं ऐकलं, म्हणजे माझं खोटं आपोआप खरं झालं. मला त्यानं सुटल्यासारखं वाटलं हेही लिहून ठेवतो.

हळद अर्धी शिजवून कढई उतरवली तर ती बेण्याच्या कामाची राहत नाही आणि बाजाराच्याही नाही. शिजवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तरी मी तेच केलं. बहीण जिथं होती तिथं थांबली. मागं गेली नाही, याचं श्रेय तिचं. वही घेऊन ती आपली आपण पायऱ्या चढत राहिली. आता गरम चहा पिते. वरणात चिमूटभर हळद चालते. शेजाऱ्याकडं बॉयलर आला तेव्हा पन्नास पावलांवर उभी राहून तिनं वाफ बघितली. लेकरं अजून मोजते.

माय गेली. काका त्याच्या आधीच गेले. विडी मी त्या दिवसानंतर कधी ओढली नाही, आणि गावात माझं उदाहरण देतात, बघा, मनावर घेतलं की माणूस कसा सोडतो. जुनी कढई विहिरीजवळ पालथी पडलीय, तिच्या बुडाला भोकं पडलीत. ती जागा मी दरवर्षी नांगरतो. हळद मात्र तिथं लावत नाही, तूर लावतो. कोणी काहून विचारलं तर जमीन हलकी हाय म्हणतो.

दर वर्षी माघात बहीण विचारते, "दादा, यंदा चलतो का तिथं?" आणि मी म्हणतो, पुढच्या वर्षी. गेल्या माघात मात्र ती तेवढ्यावर थांबली नाही. दारात शेंगा निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मॅडम असत्या तर बरं झालं असतं. एकच गोष्ट लागत न्हाई मला. तुला चहा दिला तव्हा काटी व्हती. मंग त्याच्यानंतर माझ्या हातानं कव्हा सरली?"

तिला माझा संशय आलाच नाही इतक्या वर्षांत? की केव्हाच आला होता, आणि ती मला दर वर्षी एक दार उघडून देत होती? तिचा चेहरा मी न्याहाळला. सुपातल्या शेंगा खालीवर होत होत्या, त्याच्यापलीकडं मला काही वाचता आलं नाही. दुसऱ्याच्या तोंडावर काय लिहिलंय ते चोरून वाचायची मला इतकी सवय लागलीय की समोर धरलेलंही आता वाचता येत नाही. मी म्हटलं, "जुनं काहून उकरती?" ती म्हणाली, "बरं." तेच बरं.

हे लिहून मी मोकळा झालो असं कोणी समजू नये. कागदाला सांगणं सोपं आहे, कागद उलटून विचारत नाही.

माझ्याकडून तिचं येणं आहे ते असं. तिला त्या जागेवर घेऊन जायचं. तिच्या शेजारी उभं राहायचं. आणि तिच्याकडं बघून सांगायचं की काटी मी सारली होती, तू नाही, आणि मॅडमची बदली झाली नव्हती. हे अजून मी दिलेलं नाही.